चमचा, ढग, कात्री

हॉकी संघातल्या पोरी त्या तपासणीला ‘ढ परीक्षा’ म्हणायच्या. जगात ही एकच परीक्षा अशी असेल, की जिच्यात नापास व्हायला तयारी लागते.

हंगाम सुरू होण्याआधी संघाच्या डॉक्टर मॅडम एकेकीला आत बोलावत. पाच शब्द वाचून दाखवत, ते परत म्हणायला सांगत. मग आकडे उलटे म्हणा, डिसेंबरपासून मागे मागे महिने म्हणा, डोळे मिटून एका पायावर उभ्या राहा. या सगळ्याला गुण. पुढे सामन्यात कुणाच्या डोक्याला मार बसला, की हीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि नवे गुण जुन्यांशी ताडून पाहायचे. नवे कमी भरले तर मुलगी बाहेर. सोय चांगली होती, कुणा भल्या माणसानं काढलेली असणार. पण आपल्या पोरी कुठे ऐकायला! जुने गुणच कमी असले, तर नवे त्याहून कमी येतील कसे? म्हणून पहिल्या परीक्षेतच सगळ्याजणी ठरवून माती खात.

ही शक्कल संघात आणली ती थोरलीनं. थोरली म्हणजे गोलकीपर. तिची सख्खी बहीण संघात आली, तेव्हापासून एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणायची पद्धत पडली. कोच सरसुद्धा तसंच म्हणत. थोरलीला ही युक्ती कुणा निवृत्त खेळाडूनं शिकवली होती आणि ती पुढे शिकवताना आपण काही फार वाईट करतोय असं तिला कधी वाटलं नाही. दुखापत लपवून खेळणं या खेळात शौर्यातच जमा होतं.

त्यात मॅडमही अशा, की शब्द कधी बदलायच्या नाहीत. चमचा, ढग, कात्री, गालिचा, माकड. वर्षानुवर्षं तेच. पोरींना ते पाढ्यासारखे पाठ. बसमधून मैदानावर जाताना पुढून कुणीतरी ओरडायचं, “चमचा, ढग!” आणि मागून सगळा संघ गरजायचा, “कात्री, गालिचा, माकड!” परदेशी संघांना वाटे ही यांची काहीतरी युद्धगर्जना आहे. आणि परीक्षेला बसलं, की हेच शब्द चेहरा पाडून विसरायचे. कुणी माकडाचा हत्ती करी, कुणी गालिच्याची चटई. या हंगामात धाकटीनं तर कमालच केली. “चमचा, ढग...” इतकं म्हणून तिनं डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, जेवण कधी आहे?” दाराला कान लावून उभ्या असलेल्या पोरींची हसून हसून मुरकुंडी वळली. मॅडमनी मुकाट्यानं पाचापैकी दोन लिहिले.

धाकटी खेळायची ती जागा कुणी सुखासुखी मागून घेत नाही. पेनल्टी कॉर्नर मिळाला, की बचाव करणाऱ्या संघाच्या गोलकीपर धरून पाचजणी गोलरेषेच्या मागे उभ्या राहतात आणि बाकीच्या पार मध्यरेषेवर जातात. चेंडू आत ढकलला, की पाचांतली एक, तोंडाला मास्क लावून, थेट समोरच्या संघाच्या मारणारीच्या अंगावर धावत सुटते. मागे वळायचं नाही, वाकायचं नाही. ती धावत येते म्हणून एक बाजू झाकली जाते आणि दुसरी बाजू गोलकीपर सांभाळते. थोडक्यात, चेंडू हॉकीनं अडला तर उत्तम, नाहीतर अंगानं अडवायचा. संघात त्या मुलीला नुसतं ‘पहिली’ म्हणत. बराच काळ धाकटी बाकावर बसून होती. पहिलीची जागा रिकामी झाली तेव्हा तिनंच हात वर केला आणि तेव्हापासून दोघी बहिणींनी मिळून किती कॉर्नर परतवले याची गणती नाही. ती कुठल्या वेगानं, कुठल्या बाजूनं जाणार, हे थोरलीला तिच्या पाठीवरूनच कळे.

घरी आई कॉर्नरच्या वेळी टीव्हीकडे पाठ करून बसायची. आई शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायची. त्या वेळी तिच्या सुईतला दोराही थांबे. शिट्टी वाजली, की ती शेजारणीला एवढंच विचारी, “उभी आहे ना?” शेजारीण हो म्हणाली, की मग ती तोंड वळवायची.

यंदाच्या पात्रता स्पर्धेत आपला संघ सेमीफायनलपर्यंत येईल असं सरांच्या बायकोलाही वाटलं नसेल. जो संघ स्पर्धा जिंकेल तो ऑलिम्पिकला जाणार आणि बाकीच्यांनी घरी जाऊन टीव्ही बघायचा, असा सरळ हिशेब. सेमीफायनलमध्ये समोरच्यांना कॉर्नर मिळाला, चेंडू उसळून आला आणि धाकटीच्या मास्कची कड जिथे संपते तिथे, कानाच्या वर, बसला. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज झाला. ती पडली, लगेच उठली, अंगठा दाखवून हसली. चेंडू बाहेर गेला होता. सामना जिंकला.

मॅडमनी कपडे बदलायच्या खोलीतच परीक्षा घेतली. शब्द दोन, आकडे तेवढेच, महिने तेवढेच. सगळं जुन्या गुणांशी तंतोतंत जुळलं. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे,” आणि पोरींनी एकमेकींना डोळे मारले. चिमणी म्हणून संघातली सगळ्यात लहान खोडकर पोर होती, ती बाकावर चढून ओरडली, “चमचा, ढग!” खोली दणाणून गेली. धाकटीनं तेवढे दोन्ही कानांवर हात धरले. आईचा फोन आला तेव्हा थोरलीनं हसतच सांगितलं, “उभी आहे गं बाई, नाचतेय नुसती.”

फायनलचा आदला दिवस विश्रांतीचा होता. हॉटेलात दोघी बहिणी एका खोलीत. बाहेर लख्ख ऊन असताना धाकटीनं पडदे ओढून घेतले. दात घासायला गेली ती दिवा न लावता. पेल्यात पाणी ओतताना धार पेल्याच्या बाहेर पडली आणि ती तशीच ओतत राहिली. थोरलीनं बाटली हातातून काढून घेतली.

“लक्ष कुठाय तुझं?”

“कुठे काय. ताई, आईचा फोन आला नाही अजून.”

“आत्ता तर बोललीस तू तिच्याशी.”

“मी? काय बोलले?”

धाकटी पहिल्यापासून वाह्यात. सोंगं करणं हा तिचा धर्मच. त्यामुळे थोरली आधी रागावली. “हे बघ शहाणे, मस्करीलाही वेळकाळ असते.”

“मी कुठे मस्करी करतेय?”

थोरली तिच्यासमोर पलंगावर बसली. काय विचारावं तिला कळेना. मग बसमध्ये म्हणतात तसं, त्याच सुरात ती म्हणाली, “चमचा, ढग!”

आणि थांबली. झोपेतून उठवून विचारलं तरी पुढचं उत्तर यावं अशी ती ओळ. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. कपाळाला आठ्या पडल्या. पंखा फिरत होता.

“चमचा...” ती म्हणाली. “ढग...” आणि तिचे डोळे भरून आले. “ताई, काल पण मला एवढंच आलं.”

“म्हणजे? काल तू मुद्दाम नाही चुकलीस?”

“नाही गं. मॅडमनी विचारल्यावर एकदम घाबरले. म्हटलं, आता तरी नीट देऊ. सगळा जीव लावून दिली परीक्षा. पण आलं तेवढंच.”

थोरलीला वाटलं, कुणीतरी आपल्याच छातीवर चेंडू मारला. हसत-खिदळत खोटे लिहून घेतलेले दोन गुण. तिची बहीण आता जीव तोडून तिथवर कशीबशी पोचली होती, आणि त्याला म्हणे ‘ठीक आहे’.

“मी मॅडमना सांगते.”

धाकटीनं तिचा हात गच्च धरला. “ताई, नको. पाया पडते तुझ्या. आयुष्यात एकदा आलीय ही वेळ. उद्याचा दिवस जाऊ दे, मग मी महिनाभर अंधारात पडून राहीन. तू सांगशील तसं.”

थोरलीनं हात सोडवून घेतला आणि ती गेलीच. इथवर तरी ती चुकली नाही.

मॅडम जेवणाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात एकट्याच चहा पीत होत्या. थोरलीनं सगळं सांगून टाकलं. ढ परीक्षा, तिची सुरुवात कुणी केली, बसमधली आरोळी, खोलीतलं आत्ताचं. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“मला काय दूधखुळी समजता तुम्ही?” त्या म्हणाल्या. “देशाच्या संघातल्या मुलींना पाच शब्द आठवत नाहीत होय?”

“मग तुम्ही...”

“मग काय? आकडे जुळतायत. आकडे जुळत असताना मी तिला बसवलं, तर सर विचारणार का, आणि सरांच्या वरचे विचारणार का. मी काय सांगू? तिच्या बहिणीला वाटलं म्हणून? आणि तू म्हणतेस ते खरं धरायचं, तर एकट्या तिचेच गुण खोटे नाहीत, सगळ्या संघाचे खोटे आहेत. उद्या मैदानात उतरणार कोण मग? सांगतेस सगळ्यांसमोर? चल, आत्ता सरांकडे जाऊ.”

मॅडम अर्धवट उठल्या आणि थोरली जागची हलत नाही असं बघून परत खुर्चीत बसल्या.

“झोपू दे तिला,” मॅडम म्हणाल्या. “मोबाईल बघू देऊ नकोस.”

आता या बाईला काय म्हणावं! डॉक्टरला फसवायला पोरींनी जी छत्री शिवली, तीच उघडून डॉक्टर तिच्याखाली कोरडी उभी. पण थोरलीला बाईंपेक्षा स्वतःची किळस आली. सरांच्या खोलीचं दार समोर दिसत होतं आणि तिचे पाय तिकडे वळत नव्हते. एकीसाठी सगळ्या संघाला घरी पाठवायचं? कॅप्टनला तिनं एका बाजूला घेऊन विचारलं, तर कॅप्टन तिच्या डोळ्यांत न बघता म्हणाली, “एक मॅच गं. एकच. तिला स्वतःला खेळायचंय ना?”

तेव्हा थोरलीनं आपल्या हातात होतं तेवढं केलं. कॉर्नरला कोण कुठे उभं राहणार, हे गोलकीपर ठरवते. फायनलच्या सकाळी तिनं धाकटीला सांगितलं, “आज कॉर्नरला तू मध्यरेषेवर जायचं. पहिली चिमणी.”

धाकटी आधी भांडली, मग रडली. तू माझी बहीण नाहीसच, असंही म्हणून झालं. शेवटी बुटाची नाडी आवळत फणकाऱ्यानं म्हणाली, “बरं. मध्यरेषा. झालं समाधान?” थोरलीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यानं पडायला नको होता, पण पडला.

आणि खरंच, पूर्वार्धात समोरच्यांना कॉर्नर मिळाला तेव्हा धाकटी थोरलीकडे जळजळीत नजर टाकून मध्यरेषेवर गेली. चिमणी धावली, चेंडू वरून गेला. तिसऱ्या टप्प्यात आपल्या संघानं गोल केला. त्यानंतर समोरच्यांनी असा काही जोर लावला, की बचाव करता करता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. आणि खेळ संपत आलेला असताना, घड्याळात अगदी थोडे क्षण उरलेले असताना, अंपायरनं हात लांब केला. पेनल्टी कॉर्नर. हा एक अडवला की ऑलिम्पिक.

थोरली हातमोजे आपटत गोलरेषेवर आली. चिमणी मास्क लावत होती. तेवढ्यात धाकटी शांतपणे चालत आली, जाळीतला दुसरा मास्क तिनं उचलला, तोंडावर चढवला आणि आपल्या नेहमीच्या जागेवर, खांबाच्या शेजारी, एक पाय मागे घेऊन उभी राहिली.

“मध्यरेषेवर जा!” थोरली ओरडली.

धाकटीनं मान वळवली. “का?”

तिच्या आवाजात राग नव्हता, हट्ट नव्हता. सकाळचं भांडण नव्हतं, रडणं नव्हतं. तिला खरोखरच प्रश्न पडला होता.

अंपायरनं शिट्टी वाजवून बोटं दाखवली. सहाजणी झाल्यात, एक कमी करा. चिमणी बिचारी लहान, मोठ्यांच्या जागेवर उभं राहायची सवय नाही. तिनं मुकाट्यानं मास्क काढला आणि मध्यरेषेकडे पळत सुटली. कॅप्टन दात आवळून म्हणाली, “राहू दे, थोरले. धावू दे तिला. तिच्यासारखी कुणी धावत नाही.”

समोर मारणारी हॉकी टेकवून तयार उभी होती.

थोरलीनं शिरस्त्राण काढलं. दोन्ही हात वर करून ती अंपायरकडे चालत गेली आणि मोडक्यातोडक्या परक्या भाषेत म्हणाली, “ती खेळू शकत नाही. तिच्या डोक्याला लागलंय.” घड्याळ थांबलं. मॅडम पिशवी घेऊन धावत आल्या. बाकावरून सर काहीतरी ओरडत होते, त्यातलं सभ्य थोडंच होतं. हजारो लोक उभे राहिले होते.

“ठीक आहेस ना?” मॅडमनी विचारलं.

“हो,” धाकटी म्हणाली.

मॅडमनी एकदा सरांकडे पाहिलं आणि अंपायरला सांगितलं, “तपासणी झालेली आहे. ती ठीक आहे.”

मग थोरली धाकटीच्या समोर गेली. तिनं तिचा मास्क वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, “चमचा, ढग!”

दुसऱ्या खांबापाशी उभी असलेली मुलगी, कॅप्टन, मध्यरेषेवरून बघणाऱ्या सगळ्या पोरी थांबल्या. त्यांच्यातली कुणीही उरलेले तीन शब्द म्हणू शकली असती. कुणी म्हणाली नाही. सगळ्या धाकटीकडे बघत होत्या.

धाकटी हसली. ओळखीचं माणूस अनोळखी भाषेत बोलायला लागलं, तर आपण संकोचून हसतो तसं. “काय, ताई?” ती म्हणाली.

कॅप्टननं तोंड फिरवलं. मॅडमनी पिशवी बंद केली, धाकटीचा हात धरला आणि तिला मैदानाबाहेर नेलं. बाहेरच्या रेषेपाशी गेल्यावर तिला काय होतंय ते कळलं असावं. मग ती किंचाळायला लागली. “ताई! माझी जागा आहे ती! ताई!” मॅडमनी आणि मैदानावरच्या एका माणसानं मिळून तिला धरलं होतं.

चिमणीला परत बोलावलं. ती धावली, पण पाऊलभर उशिरा. चेंडू तिच्या हॉकीखालून गेला आणि थोरलीच्या पायाला लागून आत शिरला. पुढे बरोबरी सोडवायला एकेकीनं गोलकीपरला चुकवून मारायचं असतं, त्यात थोरलीनं दोन अडवले. ते पुरले नाहीत. समोरच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडून रडत-हसत होत्या. आपल्या पोरी टर्फवर जिथल्या तिथे बसल्या होत्या. थोरलीशेजारी कुणी येऊन बसलं नाही. तिनंही कुणाची वाट पाहिली नाही.

इस्पितळात पोचायला तिला संध्याकाळ झाली. धाकटीला पडदे ओढलेल्या खोलीत ठेवलं होतं. मेंदूचे फोटो काढून झाले होते. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांपूर्वीच आणायला हवी होती. आता सूज किती उतरते ते बघायचं, आज काही सांगता येत नाही.

“ताई,” धाकटी म्हणाली, “जिंकलो का?”

“नाही गं.”

“शेवटच्या कॉर्नरला पहिली कोण धावलं?”

“चिमणी. मी तुला बाहेर काढलं.”

धाकटीनं तोंड दुसरीकडे केलं आणि खूप वेळ हुंदके देत राहिली. “तू कसं केलंस असं,” ती म्हणत होती. थोरलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. मग तिचा डोळा लागला. उठली ती पुन्हा स्वच्छ चेहऱ्यानं.

“ताई, जिंकलो का?”

थोरलीनं पुन्हा खरं सांगितलं. धाकटी पुन्हा तशीच रडली, तेच म्हणाली, तसाच हात झटकला. पहिल्यांदाच ऐकल्यासारखी. तिच्या दृष्टीनं ती पहिलीच वेळ होती.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं, “शेवटच्या कॉर्नरला पहिली कोण धावलं?” चुकीचं उत्तर चेहरा न हलवता कसं द्यायचं, हे तिला चांगलं येत होतं. तिनंच ते सगळ्यांना शिकवलं होतं.

“तूच,” ती म्हणाली.

“अडवला?”

“अडवलास.”

धाकटीच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की थोरलीला ते बघवेना. “आईला सांग,” धाकटी पुटपुटली आणि तिनं डोळे मिटले.

थोरली फोन घेऊन दाराबाहेर आली. पलीकडे आईनं लगेच उचलला. हातातच धरून बसली असणार. हरल्याचं, थोरलीनं खेळ थांबवल्याचं, शेजारीपाजारी काय बोलतायत त्याचं, आईनं काहीच काढलं नाही.

“उभी आहे ना गं?” तिनं विचारलं.

“नाही, आई,” थोरली म्हणाली. “तू निघून ये.”